लग्गड ससाणा: माणदेशापासून जतपर्यंतच्या माळावरचा शिकारी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दर हिवाळ्यात व्हॉट्सॲपवर तेच तेच फोटो येतात आणि खाली तेच प्रश्न, "हा कुठला ससाणा?", "बहिरी ना?", "घार आहे का?" म्हणून म्हटलं एकदाच सगळं बैजवार लिहून ठेवावं. सातारा आणि सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात, म्हणजे माण, खटाव, फलटण, आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ, जत या तालुक्यांत फिरणाऱ्या लोकांसाठी हे लिहिलंय. ज्याला लागेल त्यानं बिनधास्त पुढं पाठवा.

लग्गड ससाणा म्हणजे नेमका कुठला पक्षी?

इंग्रजीत याला लॅगर फाल्कन म्हणतात, शास्त्रीय नाव फाल्को जगर. कावळ्याएवढा किंवा त्याहून थोडा मोठा, लांब टोकदार पंखांचा, वरून राखाडी-तपकिरी आणि खालून पांढरट. भारतीय उपखंडातला पक्षी आहे हा, पाकिस्तान, भारत, नेपाळ, बांगलादेश, म्यानमार आणि पश्चिमेला अफगाणिस्तान, इराणच्या कडेपर्यंत, एवढीच त्याची जगातली जागा. म्हणजे बहिरी ससाणा जसा जगभर सापडतो तसं याचं नाही. हा आपल्या भागात संपला तर बाकी जगात कुठं शिल्लक आहे असं म्हणायची सोय नाही, आणि म्हणूनच मला याच्याबद्दल जास्त काळजी वाटते.

ससाण्यांमध्ये एक कोरड्या, मोकळ्या प्रदेशातला गट आहे, त्यात सेकर, लॅनर, जिर फाल्कन आणि आपला लग्गड असे चौघं येतात. लॅनर आफ्रिका आणि भूमध्य समुद्राच्या बाजूला, सेकर मध्य आशियात, जिर पार उत्तरेच्या बर्फाळ भागात, आणि भारताच्या वाट्याला कायमचा राहणारा म्हणून हा एकच.

पण हा तर राजस्थानच्या वाळवंटातला पक्षी ना? सातारा-सांगलीत कुठनं आला?

आला कुठनं नाही, इथलाच आहे. लोकांच्या डोक्यात सातारा म्हटलं की कास, महाबळेश्वर, धुकं, पाऊस येतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात म्हसवड-दहिवडीकडं पाचशेच्या आसपास, तो पण पडला तर. पावसाचे ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात आणि पूर्वेला पर्जन्यछायेचा पट्टा राहतो. तिथं आहे ते काय, उघडा माळ, मुरूम, कुसळी गवत, बोरी-बाभळी, मधे मधे टेकड्या, कोरडी ओढ्याची पात्रं. थरच्या वाळवंटात लग्गड ज्या कारणानं राहतो तीच कारणं इथंही आहेत, लांबपर्यंत दिसणारी मोकळी जमीन, अंगावर सावली नसलेले सरडे, जमिनीवर चरणारे छोटे पक्षी, आणि बसायला एखादं उंच झाड नाहीतर टॉवर.

घनदाट जंगलात हा सापडत नाही. कोयनेच्या जंगलात शोधायला जाऊ नका.

नेमका ओळखायचा कसा?

आधी शांतपणे चार गोष्टी बघायच्या आणि चारही जुळल्याशिवाय नाव ठेवायचं नाही.

पहिली मिशी. डोळ्याखालून गालावर खाली उतरणारी काळपट रेघ, तिला पक्षीवाले मिशी म्हणतात. लग्गडची मिशी बारीक आणि लांब असते, गाल बऱ्यापैकी पांढरा दिसतो. दुसरी गोष्ट डोकं. कपाळ आणि टाळू तांबूस-तपकिरी, त्यावर बारीक गडद रेघा, डोळ्याच्या वर फिकट भुवई आणि डोळ्याच्या मागं गडद पट्टी. समोरून बघितलं की तांबूस टोपी आणि दोन बारीक मिशा असा चेहरा दिसतो, एकदा डोक्यात बसला की परत विसरत नाही.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात कामाची, मांड्या आणि कुशी. छाती पांढरी, तिच्यावर थोड्या रेघा, पण पोटाच्या दोन्ही बाजू आणि मांड्यांवरची पिसं गडद तपकिरी. पक्षी तारेवर बसलाय, ऊन मागनं येतंय, चेहरा काळाठिक्कर दिसतोय, अशा वेळीसुद्धा पांढरी छाती आणि त्याखाली काळपट चड्डी घातल्यासारख्या मांड्या दिसतात. उडताना हाच भाग बगलेत गडद डागासारखा दिसतो, पंखांच्या आतल्या बाजूची मधली पिसंही गडद असतात आणि त्यांच्या पुढची उड्डाणाची पिसं फिकट, त्यामुळं खालून पंख दोन रंगी वाटतो.

चौथी पाठ आणि शेपूट. पाठ राखाडी झाक असलेली तपकिरी, वय वाढत जातं तशी राखाडी जास्त. शेपटीची मधली पिसं साधी, पट्टे नसलेली, कडेच्या पिसांवर मात्र पट्टे असतात. बसलेल्या पक्ष्याच्या पंखांची टोकं शेपटीच्या जवळजवळ टोकापर्यंत पोचतात.

मोबाईलनं लांबून काढलेल्या फोटोत रंग फसवतात, संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात तर प्रत्येकच पक्षी तांबूस दिसतो. म्हणून रंगावर एकट्यावर जाऊ नका, गडद-फिकट कुठं आहे ते बघा, ते उन्हानं बदलत नाही.

बहिरी ससाणा, शाहीन आणि लग्गड यात गोंधळ होतोय, फरक सांगा की.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

बहिरी ससाणा, म्हणजे पेरेग्रीन, आपल्याकडं हिवाळ्यात उत्तरेकडून येतो. अंगानं भरदार, खांद्यात रुंद, पाठ निळसर-राखाडी, आणि मिशी एवढी जाड की लांबून हेल्मेट घातल्यासारखं डोकं काळं दिसतं. छाती-पोट पांढरं आणि त्यावर आडव्या बारीक रेघा. हा पाण्याच्या कडेला जास्त, कारण त्याला बदकं आणि चिखलातले पक्षी पाहिजेत, मायणीच्या तलावावर किंवा भिगवणच्या बाजूला पक्ष्यांचे थवे एकदम उठले तर वर मान करून बघा.

शाहीन हा बहिरीचाच इथला भाऊबंद, पण कायम राहणारा. डोकं काळं, पोट तांबूस-विटकरी, आणि राहायला उभे कडे. सह्याद्रीच्या बाजूचे किल्ले, घाटातले कातळ हा त्याचा मुलूख. म्हणजे जिल्हा एक असला तरी शाहीन पश्चिमेचा आणि लग्गड पूर्वेचा असं ढोबळमानानं धरलं तरी बरंचसं काम होतं, अर्थात पंख आहेत त्याला, हद्द मानतोच असं नाही.

तिसरा एक आहे ज्याच्यावरनं चांगले चांगले लोक भांडतात, तो म्हणजे लाल मानेचा शाहीन, इंग्रजीत रेड-नेप्ड शाहीन. हा खरा वाळवंटी. मध्य आशिया, इराण, अफगाणिस्तानच्या कोरड्या डोंगरात वाढतो आणि हिवाळ्यात वायव्य भारतात उतरतो, महाराष्ट्रात फार क्वचित. याच्या मानेवर आणि टाळूवर तांबूस रंग असतो म्हणून लोक त्याला लग्गड म्हणतात आणि लग्गडला तो. पण त्याची पाठ फिकट निळसर-राखाडी असते, पोट फिकट बदामी आणि त्यावर जेमतेम रेघा, बांधा बहिरीसारखा आखूड-भरदार, आणि मांड्या गडद नसतात. परत मांड्याच बघा म्हणतोय ते उगीच नाही.

सेकर ससाणा पण कोरड्या प्रदेशातलाच, लग्गडपेक्षा मोठा आणि फिकट डोक्याचा, मिशी अगदी पुसट. तो भारतात हिवाळ्यात वायव्येच्या बाजूला थोडाफार येतो, जगात धोक्यात आलेला पक्षी आहे. इकडं दिसला असं वाटलं तर आधी तरुण लग्गड नाही ना हे दहा वेळा तपासा आणि फोटो जाणकाराला दाखवा.

माझ्या फोटोतला पक्षी खालून सगळाच काळा-तपकिरी आहे, छाती पांढरी नाहीच. मग?

बहुतेक लग्गडचं यंदाचं पिल्लू असणार. पहिल्या वर्षात लग्गडचं पोट आणि छाती जवळजवळ सलग गडद तपकिरी असते, फक्त गळा आणि शेपटीखालचा भाग फिकट. वाढलेल्या पक्ष्याचे पाय आणि चोचीच्या मुळाशी असलेली कातडी पिवळी असते, पिल्लाची मात्र निळसर-राखाडी. पोटाचा गडद रंग आणि पायाचा राखाडी रंग हे दोन्ही एकत्र दिसलं की विषय बराच सोपा होतो. बहिरीच्या पिल्लाच्या पोटावर उभ्या रेघा असतात पण मधे फिकट रंग स्वच्छ दिसतो, असं सलग काळपट नसतं.

शिक्रा, खरूची, कापशी, घार यांच्यापासून वेगळा कसा?

घार सोपी आहे, शेपटीला खाच. कापशी घार पांढरी-करडी, लाल डोळ्यांची, हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते. खरूची म्हणजे केस्ट्रल पण तसंच हवेत थांबते, पण ती लहान, शेपूट लांब, पाठ विटकरी आणि तिच्यावर काळे ठिपके, हिवाळ्यात माळावर भरपूर दिसते. लग्गड असा थांबून थांबून शिकार करत नाही. शिक्र्याचे पंख आखूड आणि गोल, डोळे पिवळे किंवा लाल. ससाण्याचे डोळे कायम गडद, काळेभोर. डोळा नीट दिसला तर अर्धी शंका तिथंच मिटते.

तुरमती मात्र लक्षात ठेवा, छोटा सुंदर ससाणा, डोकं विटकरी, अंग निळसर-राखाडी, तो पण याच माळावर जोडीनं फिरतो. डोकं लाल म्हणून लोक लग्गड लिहितात, पण आकार बघितला तर तुरमती पारव्याएवढीच.

नर कुठला, मादी कुठली?

रंगावरून कळत नाही. मादी मोठी असते, पाऊण किलोच्या आसपास, नर त्याहून बराच हलका. जोडी शेजारी शेजारी बसली तरच खात्रीनं सांगता येतं.

खातो काय आणि शिकार कशी करतो?

यावर कितीही बोललं तरी कमीच. होले, पारवे, चंडोल, लावे, साळुंक्या हे त्याचं मुख्य खाणं, त्याशिवाय सरडे, उंदीर, खारी, वटवाघळं, आणि टोळ-नाकतोडे पण. थरमध्ये सांडा नावाचा जाड शेपटीचा मोठा सरडा त्याच्या खाण्यात मोठ्या प्रमाणावर असतो. आपल्याकडं उन्हात दगडावर बसलेले सरडे असतात, तेही चालतात त्याला.

बहिरी उंचावरून सूर मारतो, ताशी तीनशे किलोमीटरच्या वर वेग जातो त्याचा, ते सगळ्यांना माहीत असतं. लग्गडची पद्धत वेगळी. तो टॉवरवर किंवा वाळलेल्या झाडाच्या शेंड्यावर बसून राहतो, बराच वेळ, आणि मग एकदम खाली झुकून जमिनीच्या जवळनं, बोरीच्या झुडपांच्या आडोशानं सरळ सुटतो. पाठलाग करून पण धरतो. आणि जोडी असेल तर दोघं मिळून, एकजण खालून जाऊन पक्ष्यांना उठवतो आणि दुसरा वरनं येतो. पिकाची कापणी चालू असताना, नाहीतर गवत पेटलेलं असताना जे किडे-सरडे-पक्षी बाहेर पळतात त्यांच्यावर पण याची नजर असते.

दिघंचीच्या पुढं हाय टेन्शनच्या टॉवरवर एक जोडी असायची. एकदा नरानं होला आणला आणि आडव्या लोखंडी पट्टीवर ठेवून दोन्ही पायांनी दाबून धरला. लगेच खाल्ला नाही त्यानं. आधी पिसं उपटायला लागला, छातीची मऊ पिसं चोचीत धरायची, मान मागं झटकायची, सोडायची, परत. राखाडी पिसं वाऱ्यावर तरंगत खाली ज्वारीच्या ताटांवर येऊन अडकत होती. मधेच थांबून दोन्ही बाजूला बघायचा, कावळे आलेत का ते. छाती साफ झाली तेव्हा मग मादी वरच्या पट्टीवरनं खाली सरकली, आवाज करत, आणि यानं काहीही न खाता तो होला तिला देऊन टाकला. जानेवारीचा महिना होता. त्या दिवसांत नरानं मादीला शिकार आणून देणं म्हणजे घरट्याची तयारी.

आणि हो, मारण्याची पद्धत. शिक्रा, गरुड हे पायाच्या नखांनी दाबून मारतात. ससाणा पायानं धरतो पण जीव घेतो तो चोचीनं, मानेचा मणका तोडून. त्यासाठी वरच्या चोचीच्या कडेला दातासारखं एक टोक असतं, जवळून फोटो मिळाला तर झूम करून बघा. ससाणे आणि गरुड-घारी दिसायला एका कुळातले वाटतात पण डीएनएच्या अभ्यासात ससाणे निघाले पोपट आणि चिमण्यांसारख्या पक्ष्यांच्या जवळचे, 2008 सालच्या एका मोठ्या अभ्यासानंतर ही गोष्ट पुढं आली आणि आता पक्ष्यांच्या याद्यांमध्ये ससाण्यांची जागाच बदललीय.

ती मिशी कशासाठी असते?

डोळ्याखालचा काळा रंग उन्हाची चकाकी कमी करतो असं म्हणतात. बहिरी ससाण्याच्या जगभरातल्या फोटोंवरनं झालेल्या अभ्यासात जिथं ऊन जास्त प्रखर तिथं मिशी जास्त रुंद आणि गडद निघाली, 2021 मध्ये ते प्रसिद्ध झालं. तो अभ्यास बहिरीवर झालाय हे मात्र लक्षात असू द्या.

घरटं कुठं करतो?

करतच नाही. कावळ्याचं, घारीचं, गरुडाचं जुनं घरटं ताब्यात घेतो, नाहीतर कड्याच्या कपारीत, पडक्या इमारतीवर, हाय टेन्शन टॉवरवर अंडी घालतो. साधारण जानेवारी ते मे हा काळ. अंडी तीन-चार, कधी पाच. महिनाभर उबवणं आणि नंतर पिल्लं उडायला साधारण दीड महिना.

यात एक गोष्ट आहे जी गावातल्या लोकांनी समजून घ्यायला पाहिजे. माळावर मोठं झाड म्हणजे एखादा लिंब, वड, पिंपळ, बऱ्याचदा म्हसोबाच्या नाहीतर बिरोबाच्या देवळापाशी. त्या झाडावर कावळ्याचं किंवा घारीचं घरटं, आणि पुढच्या वर्षी त्यात लग्गड. रस्ता रुंदीकरणात ते एक झाड गेलं की कावळा दुसरीकडं बाभळीवर भागवतो, लग्गडचं मात्र अख्खं ठिकाण जातं. म्हणून झाड तोडायचा ठराव आला की वर घरटं आहे का एवढं तरी बघा, आणि असेल तर वनविभागाला लेखी कळवा.

हिवाळ्यात येतो आणि उन्हाळ्यात जातो का?

नाही, बारा महिने इथंच. थोडंफार इकडंतिकडं भटकतो, पण हजारो किलोमीटरचं स्थलांतर करत नाही. ते करतो अमूर ससाणा, तो ईशान्य आशियातून निघून नागालँड-मणिपूरमार्गे येतो आणि महाराष्ट्रावरून पुढं अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत जातो. तो वेगळा, फार छोटा.

आमच्या कोंबडीची पिल्लं नेतो म्हणून लोक दगड मारतात, खरंच नेतो का?

परड्यातली पिल्लं नेणारे बहुतेक वेळा शिक्रा किंवा घार असतात. लग्गड वस्तीजवळ असेल तर एखादं नेलं तरी नेईल, मी नाही म्हणणार नाही. पण तोच लग्गड शेतातले उंदीर आणि ज्वारीवर पडणारे पक्षी पण मारतो. ज्या मेंढपाळांशी बोलणं झालं त्यातल्या एकानं सरळ सांगितलं, "आमची काय भांडणं न्हाईत त्याच्याशी, त्यो त्याचं खातंय, आमी आमचं." पिल्लं दुपारी झाकून ठेवा, पाटी नाहीतर जाळी टाका, बाकी काही करायची गरज नाही.

कमी झालाय म्हणतात, कशामुळं?

आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत हा निअर थ्रेटन्ड, म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावर असलेला पक्षी आहे. कारणं एक नाही, बरीच आहेत.

एक म्हणजे पकडणं. पाकिस्तानात सेकर आणि बहिरी पकडून आखाती देशांत विकायचा मोठा धंदा चालतो आणि त्यात लग्गड वापरतात आमिष म्हणून. त्याच्या पायाला पिसांचा गुंडा आणि नायलॉनचे फास बांधून उडवतात, लांबून दिसतं की हा शिकार घेऊन चाललाय, मोठा ससाणा ती हिसकावायला येतो आणि फासात अडकतो. कधी कधी लग्गडला नीट दिसू नये म्हणून त्याच्या पापण्या शिवतात. वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. म्हणजे ज्या पक्ष्याला कुणी विकतही घेत नाही तो पण या धंद्यात मरतोय. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारात हा पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे रानातून पकडून परदेशात विकायला बंदी.

दुसरं शेतात फवारतात ती औषधं. ससाणे अन्नसाखळीत वर असल्यामुळं किड्यातलं विष पक्ष्यात आणि पक्ष्यातलं यांच्यात साठत जातं. डीडीटी या कीटकनाशकामुळं बहिरीच्या अंड्यांची कवचं पातळ झाली आणि उबवतानाच फुटायला लागली, हे ब्रिटनमध्ये 1967 साली दाखवून दिलं गेलं. भारतात शेतीत डीडीटी वापरायला 1989 मध्ये बंदी आली, पण बाकीची औषधं आहेतच, आणि द्राक्षबागेत किती फवारण्या होतात ते तासगाव-कवठेमहांकाळच्या माणसाला मी काय सांगू.

तिसरं विजेचे खांब. मोठ्या टॉवरवर बसणं त्यामानानं सुरक्षित, कारण तारा लांब लांब असतात. गावाकडच्या 11 केव्हीच्या खांबावर मात्र लोखंडी आडवी पट्टी आणि तारा एवढ्या जवळ की मोठ्या पक्ष्याचा पंख टेकला की संपलं.

आणि चौथं, माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठं, माळच राहिला नाही. सरकारी कागदावर माळाला पडीक म्हणतात आणि पडीक म्हटलं की त्यावर काहीही करायला मोकळीक. टेंभू, म्हैसाळ, उरमोडी या सिंचन योजनांचं पाणी आलं, त्याचं मला कौतुकच आहे, ज्यांनी चारा छावणीत जनावरं घेऊन उन्हाळे काढलेत त्यांच्या शेतात पाणी यायलाच पाहिजे होतं, त्यावर दुमत नाही. पण पाणी न पोचलेला जो माळ उरलाय त्यावर तरी खड्डे मारून झाडं लावायची मोहीम नको. तिथं मुळातच झाडी कमी आहे आणि ते तसंच बरोबर आहे. गवत, चंडोल, पखुर्डी (सँडग्राउज), खोकड, लांडगा, माडग्याळी मेंढरं आणि लग्गड, हे सगळं त्या उघड्या जमिनीवर चालतं. दाट झाडी लावली की सावली वाढते, गवत मरतं आणि हे सगळे जातात. 2023 च्या स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स अहवालातही मोकळ्या माळावरच्या आणि शिकारी पक्ष्यांची घसरण ठळकपणे मांडलीय. वाडीच्या ग्रामसभेत वृक्षारोपणाचा विषय निघाला तर ओढ्याकाठी, गावात, बांधावर लावा म्हणा, माळ सोडा.

पवनचक्क्यांचा काय परिणाम होतो?

यावर आपल्याच साताऱ्यातला अभ्यास जगभर गाजलाय. चाळकेवाडीच्या पठारावर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या लोकांनी काम केलं, 2018 मध्ये ते आलं. जिथं पवनचक्क्या नाहीत तिथं शिकारी पक्षी जवळपास चौपट आढळले. आणि त्याची पुढची गंमत म्हणजे पवनचक्क्यांखाली सरडे वाढले, कारण त्यांना खाणारं वरनं येईना, आणि ते सरडे माणसाला जास्त जवळ येऊ देत होते, त्यांच्या अंगातली भीतीची रसायनं पण कमी निघाली. ज्या सरड्यावर हे झालं त्याचं शास्त्रीय नावच "सरडा सुपर्बा", रंगीत गळ्याचा, चाळकेवाडीवरूनच 2016 मध्ये नवीन म्हणून नोंदलेला. म्हणजे वरचा शिकारी हलला की खालच्या सरड्याचं वागणं बदलतं, हे आपल्या पठारावर मोजून दाखवलंय. तो अभ्यास एकट्या लग्गडचा नव्हता, सगळ्या शिकारी पक्ष्यांचा होता, पण कवठेमहांकाळ-जतकडच्या पवनचक्क्यांचा विचार करताना हे डोक्यात पाहिजेच.

कुठं आणि कधी गेलं तर दिसेल?

नोव्हेंबर ते मार्च, सकाळी ऊन पडल्यावर दोन-अडीच तास. मोठ्या लाइनीचे टॉवर एक एक करून दुर्बिणीनं बघत जायचं, मधल्या आडव्या पट्ट्या विशेष, शेंड्यावरच असतो असं नाही. म्हसवड-दिघंची-आटपाडी पट्टा, शिखर शिंगणापूरच्या खालचा माळ, मायणीच्या आसपास, दंडोबाच्या डोंगराच्या पूर्वेकडं आणि जतचा माळ, एवढ्यात फिरा. शेताच्या बांधावरनं जाताना मालकाला विचारून जा, आणि कुणी चहा पाजला तर पक्षी दाखवून या त्यांना पण, दुर्बिणीतनं एकदा बघितलं की लोक नंतर स्वतः फोन करून सांगतात.

फोटो काढताना काय पाळायचं?

घरट्यापासून लांब. पक्षी तुमच्याकडं टक लावून बघायला लागला, अंग आखडून उभा राहिला, ओरडत फेऱ्या मारायला लागला की तुम्ही जास्त जवळ गेलाय, मागं फिरा. मार्च-एप्रिलच्या उन्हात मादी दहा-पंधरा मिनिटं जरी उठली तरी अंडी नाहीतर पिल्लं तापतात. गाडीतून उतरू नका, गाडीतूनच काढा, गाडीला तो कमी बुजतो. पारवा नाहीतर उंदीर बांधून बोलवायचे प्रकार करू नका. आणि घरट्याचं लोकेशन ग्रुपवर टाकू नका, तालुक्याचं नाव बास झालं.

पाळता येतो का?

नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पकडणं, पाळणं, विकणं सगळं गुन्हा आहे. रील बघून कुणी तसं विचारलं तर त्याला माळावर घेऊन जा.

जखमी ससाणा सापडला तर?

अंगावर टॉवेल किंवा घोंगडं टाकून पंख मिटवून धरा, पायापासून जपा, नखं खोल घुसतात. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, झाकण बंद, अंधार आणि शांतता. पिंजऱ्यात ठेवू नका, पिसं मोडतात. चोचीत पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं, आणि मटण भरवायची घाई करू नका. पोरांना दाखवत, सेल्फी काढत बसू नका, भीतीनं पण मरतो. वनविभागाची हेल्पलाइन 1926 आहे, त्यावर फोन करून नेमकी जागा सांगा. विजेच्या खांबाखाली मेलेला सापडला तरी खांबाचा नंबर आणि पक्ष्याचा फोटो काढून ठेवा आणि तो वनविभागाला आणि वीज कंपनीला दोघांनाही द्या, धोक्याचा खांब कुठला हे त्याशिवाय कळत नाही.

ओळखायला फोटो पाठवायचा असेल तर कसा पाठवू?

मूळ फोटो पाठवा, फिल्टर मारलेला नको. बाजूनं एक आणि शक्य असेल तर उडताना खालून एक. तारीख, वेळ, गाव, कशावर बसला होता, काय करत होता हे चार शब्दांत लिहा. चेहरा अस्पष्ट असला तरी चालेल, मांड्या दिसल्या पाहिजेत. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर पण टाका, खात्री नसेल तर नुसतं ससाणा म्हणून नोंदवायची सोय तिथं आहे, आणि तसं नोंदवलेलं चुकीच्या नावापेक्षा कधीही जास्त उपयोगाचं.